अर्धा पेला

रोपवाटिकेच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ ऑर्किडची कुंडी छातीशी धरून उभे होते. तिथल्या बाईंनी ती घेतली आणि झाड अलगद उपसलं.

"काका, मुळं कुजलीत. बघा, बोटांत चिरडतायत. रोज पाणी घालता?"

"अगदी थोडं. सकाळी अर्धा पेला."

"तेवढ्यानं एवढी नाही कुजायची. आणखी कोण घालतं?"

"सून घालते म्हणे, दुपारी. मला कालच कळलं."

"आणि?"

"मुलगा. ऑफिसातून आला की."

"कमाल आहे. एकमेकांना सांगत नाही का तुम्ही?"

"घरात सध्या बोलणंच कमी झालंय."

"आधी कोण बघायचं याच्याकडे?"

"आमची ही. जाऊन दोन महिने झाले."

"त्या कसं घालायच्या पाणी?"

"रविवारी कुंडी बादलीत बुडवायची, दहा मिनिटं. निथळली की परत खिडकीत. मग आठवडाभर ढुंकून बघायची नाही. विचारलं तर म्हणायची, तहान लागू दे जरा त्याला."

"बरोबर करायच्या. हे बघा, कुजलेलं मी कापून टाकते, कुंडीत झाडाच्या सालीचे नवे तुकडे भरते. दोन मुळं अजून हिरवी आहेत, जगेल. पण आता पाणी एकानंच घालायचं. रविवारचं."

"एकानंच?"

"एकानंच."

"मग बाकीच्या दोघांनी काय करायचं, ताई?"