आमच्या घरचं तळं

...आणि तळंच का, मी म्हणतो? गुडघा दुखतोय म्हटलं असतं तर तेल आणलं असतं, दिसत नाही म्हटलं असतं तर मोतीबिंदू काढला असता, पण मी काहीच म्हटलं नाही ना, तिथंच घोळ झाला!

तुम्हाला सांगतो, शैला, म्हणजे माझी बायको, गेल्या श्रावणात गेली. तेव्हापासून मला वाईट वाटत नाही हो. म्हणजे बरंही वाटत नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो? असतो आपलाच, पण चावला तरी कळत नाही... तसा मी अख्खा! आता हे दिसतं का कुणाला? दिसलं! मुलीला, तेजश्रीला. ती, जावई धवल आणि सात वर्षांची नात स्वानंदी, तिघंही माझ्यासाठी हिरावाडीतल्या माझ्या घरी राहायला आलेले. एका रविवारी तेजश्री म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसते भिंतीकडे बघत बसता. पाण्याकडे बघितलं की मन मोकळं होतं म्हणे. मागच्या अंगणात तळं करू या?"

मी म्हटलं, बरं.

लगेच धवलनं चांदवडच्या मित्राकडून शेततळ्याचा उरलेला कागद आणला, तो काळा, जाड, ताडपत्रीसारखा... आणला किती? अख्खं अंगण झाकून शेजारच्यांचंही झाकेल एवढा! खणायला सिन्नरचा बारकू. दोन फुटांवर पहार टणकन वाजली. बारकू म्हणतो, "काका, खाली मुरूम हाय, लय कडक. इथंच थांबू का?" मी म्हटलं, बरं. तर धवल ओरडला, "अहो बाबा, चार फूट ठरलंय!" मी म्हटलं, बरं. बारकू माझ्याकडं बघतोय, धवल माझ्याकडं बघतोय... मी खड्ड्याकडं बघतोय. तीन फुटांवर तह झाला.

मग पाणी. नळाचं पाणी आठ दिवस नुसतं ठेवायचं, त्यातला क्लोरीन उडू द्यायचा, मग मासे. पण स्वानंदीला दम आहे का? चौथ्या दिवशी बारा मासे सोडले, पाचव्या दिवशी आठ उताणे! पोरगी रडली, तेजश्री रडली, आणि मग सगळे... तुम्हाला सांगतो, सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले! आता बाबा रडतील, आता रडतील. मी म्हटलं, "चहा टाकतेस का?"

उरलेल्या चौघांना स्वानंदीनं नावं दिली. आई, बाबा, आजोबा आणि आज्जी. आज्जी केशरी, ढोली, दाणे टाकले की आधी स्वतः पुढं, मग सगळ्यांना शेपटीनं ढकलून एकेका कोपऱ्यात पाठवणार. "सेम आज्जी ना, आजोबा?" मी म्हटलं... बरं. पण खरं सांगू? सेम होती हो.

आणि परवा सकाळी, मी दाढी करतोय, बाहेर स्वानंदीची किंकाळी, "आजोबा! बगळ्यानं आज्जीला नेलं! आज्जी गेली!"

मी तसाच फेस लावलेला बाहेर. तेजश्री जागच्या जागी पुतळा. धवलच्या हातात चपला, बगळा पिंपळावर. आणि तेवढ्यात कंपाउंडवरून शेजारच्या वत्सलाबाई, वय ऐंशी, हल्ली जरा विसरतात, डोक्यावर पदर घेत, रडवेल्या आवाजात...

"अगंबाई! परत?"

मला आधी ठसकाच लागला. मग हसू. मग ते थांबेचना हो! तळ्याच्या काठावर बसलो, पोट धरून, फेस नाकात, आणि मध्येच कुठंतरी त्या हसण्याचं दुसरंच काहीतरी झालं, मोठ्यानं, अगदी लहान पोरासारखं... "शैला, शैला" म्हणत होतो म्हणे. स्वानंदी पाठीवर हात फिरवत होती. "आजोबा, दुसरी आणू." "नको गं," म्हटलं, "दुसरी नको."

अर्धा तास गेला असेल. उठलो, तोंड धुतलं, तर तेजश्री फोनवर, बंगळुरूला, माझ्या मुलाला, मयुरेशला, "दादा, बाबा हसले! नाही रे, रडले! अरे, दोन्ही!" लेकीच्या डोळ्यांना धार आणि आवाजात साखरपुडा ठरल्याचा आनंद!

आणि धवल? टेप घेऊन उभा! "बाबा, उपाय लागू पडलाय. तळं दुप्पट करू. पार दारापर्यंत!"

मी म्हटलं, बरं. फक्त कपडे कुठं वाळत घालायचे, तेवढं सांगून ठेवा.