चोर परवडला, पण आबाजींचं कुलूप नको

नाही, मला आधी हे सांगा, माणूस सायकल घेतो कशाला? नुसती सांभाळायला? तुम्हाला सांगतो, चोर परवडला! चोर निदान ती चालवतो तरी...

चिखलीतनं पिंपरीच्या कारखान्यात जाणारे आम्ही चौदाजण. घरात गुरं, माणसं, पोती. म्हणून सायकली चावडीपुढं. महिन्यात तीन गेल्या! मी म्हटलं, पुण्यात थेटरापुढं असतो तसा स्टँड करू. नंबराचे दोन बिल्ले, एक सायकलला, एक खिशात. बिल्ला दाखवा, सायकल न्या. आहे काय त्यात? तर आमचे पंच आबाजी, "म्याट्रिक सोडल्यालं पोर आमाला शिकिवनार व्हय?" आणि काढली की बैलगाडीची साखळी! उरलेल्या साऱ्या सायकलींच्या चाकांतनं ओवली, कुलूप एकच, किल्ली आबाजींच्या करगोट्याला. का? तर वडीलधारे! अहो, केस पिकले म्हणजे अक्कल पिकते काय?

आठव्या दिवशी सकाळी सहाला जातो, तर आबाजी गायब! त्यांच्या मंडळी गवराबाई म्हणतात, "पहिल्या यष्टीनं म्हाळुंग्याला गेल्यात, सोयरीक जमवाया." आणि किल्ली? "ती कंबरंला हाय न्हवं!"

सातला भोंगा. बाकीचे पर्मनंट, मी टेंपररी. दोनदा उशीर झालेला, तिसऱ्यांदा नाव कट. दादू लोहाराला म्हटलं, तोड साखळी! तर तो, "भावा, साखळी आबाजींची. त्यांस्नी इच्यारल्याबिगर घन न्हाई उचलनार." चोर परवडला हो, चोर कुणाला विचारत बसत नाही!

पळालो. बांधांवरनं, वहाणा हातात, जीभ बाहेर... गेटवर टाइमकीपर घड्याळ बघत विचारतो, "सायकल आहे ना तुमच्याकडे?" आहे. "मग?" आता काय सांगू? की सायकलीची किल्ली कंबरेला बांधून म्हातारा सोयरिकीला गेलाय? नाव कट!

संध्याकाळी चावडीवर आबाजी पेढे वाटत, "आठ दिसांत येक तरी सायकल गेली का?" कशी जाईल? मालकालाच नेता येईना! तोंडावर म्हटलं, "तुमच्या शहाणपणापायी माझी नोकरी गेली, आबाजी. चोर परवडला!" म्हातारा पेढा चघळत म्हणतो कसा, "बरं झालं, मोकळाच हाईस. बस तूच राखनीला. कर तुजं ते बिल्लं!"

केले. चाकं उभी करायच्या खाचा माझ्या, बिल्ले माझे, दोन महिन्यांत एक सायकल चोरीला गेलेली नाही. म्हटलं होतं ना? माझी तेवढी विकून टाकली... बसल्या जागी सायकल घेऊन करायचं काय?