शिवेसाठी राखून ठेवलेलं गानं

मी झिंगरू. जलम इथलाच, देवरीहून आत दोन कोस, जंगलाच्या कडेले. माझा बाप सनई वाजवे, त्याचा बाप वाजवे, अन् मले कोनी विचारलंच नाई का तुले काय कराचं आहे. सात सालाचा होतो तं हातात सनई देल्ली अन् नाल्यावर नेऊन बसवलं, बाप म्हने गालात हवा धर, नाकानं श्वास घे, पन सूर तुटू देऊ नको. होटातून रक्त आलं तरी म्हने तुटू देऊ नको. असा शिकलो. शाळा पायली नाई. तुमी हे लिहून राहिले मास्तर, पन मले वाचता येत नाई, तवा तुमी काय लिहान ते तुमच्या भरवशावर.

आमचं काम काय, दहा-बारा गावं वाटून आलेली, तेथं हळद लागली का जायाचं. मांडवाच्या बाहेर बसाचं, वाजव म्हनलं का वाजवाचं, थांब म्हनलं का थांबाचं, जेवनाची पंगत उठल्यावर जेवाचं. अन् नवरी निघाली का तिच्या बैलबंडीपुढं वाजवत शिवेपर्यंत जायाचं. शिवेवर शेंदराचा दगड आहे, तुमी येताना पायला असन, मोहाच्या झाडाखाली. तेथं बंडी थांबे, नारळ फोडत, नवरी मांगं वळून एक डाव गावाकडं पाहे, अन् माहेरची सनई तेथं शेवटचं वाजवे. तिथून पुढं नवरदेवाकडची वाजंत्री. आपला सूर शीव ओलांडून जाऊ द्याचा नाई, असं बाप सांगून गेला. ही शिवेची गोष्ट ध्यानात ठेवा, काऊन का माझा सारा घात तेथंच झाला.

तुमी गाने गोळा करून राहिले अन् कोनी तरी तुमाले सांगितलं का भागाबाईचं एक गानं फक्त झिंगरूले येते. येते. खोटं कायले बोलू. पन ते मी आजपर्यंत कोनासमोर वाजवलं नाई, अन् काऊन नाई ते आयका.

मालगुजारी, म्हंजे जमीनदारी, गेली त्याच्या दुसऱ्या साली ती गोष्ट. भागाबाई म्हंजे दौलत पटलाची वयनी. नवरा काविळीनं गेला तवा तिची पोरगी कौसा पाच सालाची होती. तवापासून भागाबाई दिराच्या घरात राहे, रोवनी करे, धान कांडे, ढोरायचं शेन काढे, अन् बोलन तं एका शब्दाच्या वर नाई. दौलत वाईट मानूस होता असं मी म्हनत नाई. त्यानं कौसाले खाऊ घातलं, तिचं लगन सोताच्या पोरीसारखं मांडलं, सडक अर्जुनीकडचं बरं घर पायलं. पन रीत म्हंजे रीत. कुंकू गेलेल्या बाईनं हळदीले हात लावाचा नाई, मांडवात उभं राहाचं नाई, पोरगी निघे तवा तिच्यापुढं याचं नाई. कन्यादान दौलत अन् त्याची बायको करनार. माय गोठ्यात.

लगनाच्या आठ दिवस आंधी मी दौलतकडं सुपारी घ्याले गेलो. परत निघालो तं गोठ्याच्या भिंतीआडून भागाबाई म्हने, झिंगरू, थांब. मी थांबलो. ती गोवऱ्या थापून राहिली होती, वर पाहे ना. म्हने, तुले एक गानं शिकाव लागन. मी म्हनलं बाई, कोन्तं, गोंदियातलं शिनेमाचं का. तवा तसंच खूळ होतं, दोन डाव गोंदियाले जाऊन आलेला पोट्टा मले म्हने वो वाला बजाओ, अन् मी म्हनो बाबा, मले येते ते वाजवतो, नसन पटत तं तुह्या गोंदियातून बाजा आन. फर्माईश आयकून मले रागच ये. तर ती म्हने, शिनेमाचं नाई, माझं आहे. कौसाले पाळन्यात म्हनत होती ते. ती निघन तवा मी गोठ्यात असीन, तिले मी दिसनार नाई. तू हे वाजवलं तं तिले कळन का माय आहे, मायनं वाटेले लावली.

काय सांगू तुमाले, माझ्या तोंडातून नाई हा शब्द निघालाच नाई.

मंग सात दिवस मी रोज दुपारी गोठ्यामांगं जावो. सनई नेता ये ना, दौलत आयकन. म्हून ती हळू म्हने अन् मी काठीवर बोटं फिरवो. धान पिकलं बांधीत, पाखरू आलं दारात, असं ते गानं. तिसऱ्या डावाले सूर एकदम खाली उतरे अन् तेथं ती कौसाचं नाव घे. तेच मले साधे ना. ती म्हने झिंगरू, तेथं घाई करू नको, तेथं पोरगी डोळे मिटे. मंग मी नाल्यावर जाऊन सनईवर बसवो. सातव्या दिवशी बसलं. मी गोठ्यामांगं जाऊन सांगितलं, बाई, बसलं. ती पयल्यांदा हासली. मी तिले त्याच्या आंधी हासताना पायलं नवतं अन् त्याच्यानंतरबी नाई.

पन गावात काही लपते का. हळदीच्या दिवशी दौलतनं मले बाजूले घेतलं. म्हने झिंगरू, वयनीचं काही वाजवाचं नाई. रांडेपनाचं गानं माह्या मांडवात नको, पोरीले लागन. मी म्हनलं पटील, पाळन्याचं आहे ते. तो म्हने ज्या तोंडानं म्हनलं ते तोंड कोन्तं, तेवढं पाय. अन् गेला. माझं सालाचं धान त्याच्या अन् त्याच्या भावकीच्या खळ्यावरून ये, मी काय बोलनार होतो. तरी मनात म्हनलं, मांडव दौलतचा, आंगन दौलतचं, पन शीव काही त्याची नाई. शिवेवर वाजवीन. तेथं बंडी थांबतेच. तेथं ती मांगं वळून पाहतेच. उलटं बरं, गर्दी नाई, कौसाले निवांत आयकू येईन. मले वाटलं मी लय हुशार आहो.

लगन लागलं. वरात बंड्यानं आली होती. निघाची वेळ झाली अन् नवरदेवाच्या मामानं एक मोटार आनली, टरक, लाकडं वाहाची. त्याची हौस. नवरीले आमी टरकमदी नेतो, असं कोनाच्या बापानं नेलं नसन, म्हने. सारं गाव पाहाले आलं. कौसाले समोर डायवरच्या बाजूले बसवलं, तोंडावर पदर. मी सनई तोंडाले लावलेलीच होती. समोर दौलत उभा. त्यानं मह्याकडं पायलं. अन् मी रोजचंच वाजवलं, जे सारे वाजवतात ते. हातभर अंतरावर होती पोरगी मास्तर, हातभर. गोठ्याचं दार जरासं उघडं होतं. मले ते दिसत होतं अन् मी रोजचंच वाजवलं, काऊन का शीव बाकी होती.

टरक सुरू झाली तसा मी धावलो. वाटेनं नाई, बांधीच्या धुऱ्याधुऱ्यानं, तिकडून जवळ पडते. धानाचे खुंट पायात घुसत होते. मनात एकच, शिवेवर थांबन, नारळ फोडाचा आहे, थांबनच. अहो बंडी थांबते, बैल सुद्धा तेथं आपोआप थांबतात, तं मोटार काऊन थांबनार नाई, असंच मले वाटलं. आमच्या गावात कोनाले बी तसंच वाटलं असतं. मी मोहाखाली पोचलो, सनईची पत्ती तोंडात धरली, तं तोंडात थेंबभर ओल नाई, पत्ती कोरडी, छातीत हवा नाई. टरक आली. डायवर कोन्या मुलखाचा, त्याले कायची शीव. हटो हटो करून हात हालवला, भोंगा वाजवला अन् गेला. नारळ तसाच कोनाच्या हातात राह्यला असन. धुरळ्यात मले कौसाचा पदर दिसला, लाल, बस. ती वळली का नाई मले ठाऊक नाई.

सनईतून एक सूर निघाला नाई. चाळीस लगनात माझा सूर तुटला नवता.

परत आलो तं भागाबाई गोठ्यामांगं उभी होती. मह्या आंगावर धुरळा, पायातून रक्त, ते तिनं पायलं. म्हने, शिवेवर वाजवलं? मी म्हनलं हो. एवढंच. ती खाली बसली अन् तोंडावर पदर घेऊन रडली, पन ते समाधानाचं रडनं होतं, मले कळत होतं, अन् मले तेथंच मरून जावंसं वाटलं.

भादव्यातल्या तीजेले कौसा माहेरी आली. आता माय विचारन, पोरगी नाई म्हनन, अन् संपलं. दोन दिवस मी घराबाहेर निघालो नाई. तिसऱ्या दिवशी म्हनलं आपनच सांगावं, म्हून विहिरीवर गेलो, कौसा घागर भरत होती. मी तोंड उघडाच्या आंधीच ती म्हने, झिंगरूकाका, मायनं मले विचारलं. मी तिले हो म्हनलं. गानं आयकलं, मी रडली, सारं सांगितलं. तुमीबी हो म्हनलं ना, मंग आता हो च राहू द्या. मी म्हनलं पोरी, माझं चुकलं, मी आंगनातच वाजवाले पायजे होतं. ती म्हने, असू द्या. पन काका, ते गानं मले आयकाचं आहे. वाजवा ना. मी म्हनलं आता सनई घरी आहे, अन् येथं विहिरीवर सारे आयकतीन, दौलत पटील आयकन. दिवाळीले येशीन तवा नाल्यावर ये, वाजवतो. ती म्हने बरं.

पाहा, पुन्हा राखून ठेवलं. मानूस किती डाव एकच चूक करते.

दिवाळीले तिले पाठवलं नाई, दिवस गेले होते. चैत्रात निरोप आला का बाळंतपनात गेली, लेकरूबी गेलं. भागाबाईले दौलतनं आंगनात बोलावून सांगितलं. तवा मातर तिले आंगनात येऊ देलं.

आता पाच-सहा सालं झाली. दौलत खाटेवर आहे, अन् त्याचं शेनमूत भागाबाईच काढते. तिले डोळ्यानं कमी दिसते. मी तिकडून निघालो का पायाच्या आवाजावरून ओळखते, म्हने झिंगरू, शिवेवरचं सांग. अन् मी सांगतो. पयले नुसतं वाजवलं म्हनो. मंग म्हनलं टरक थांबली. मंग म्हनलं तिनं पदर बाजूले केला. आता तं असं झालं का ती खाली उतरते, मोहाखाली उभी राहते, तिसऱ्या डावाले सूर खाली उतरला का डोळे मिटते. भागाबाई म्हने, तेथं घाई नाई ना केली? मी म्हनतो नाई बाई, अजिबात नाई. खोटं बोलनारे दोघं होतो, आता मी एकलाच आहो, अन् थकलो मी.

वाजवून दाखवा म्हनता. नाई होत मास्तर. नाल्यावर जाऊन बसतो कधी कधी, बोटं बरोबर फिरतात, पन तोंडाले लावत नाई. जिच्यासाठी होतं तिनं आयकलं नाई, तुमी कायले आयकता. राग नका येऊ देऊ. एक मातर झालं, आता कोन्या घरची माय, मावशी काही वाजव म्हने तं मी शिवेची वाट पाहत नाई. आंगनातच वाजवतो, कोनी डोळे वटारले तरी. दोन घरची सुपारी त्याच्यानं तुटली. तुटू द्या.

तुमी उद्या भागाबाईकडं जाऊन राहिले तं जा. गानं सांगन ती तुमाले, लिहून घ्या, मले बरं वाटन. देव तुमचं भलं करो. पन ती बाई तुमाले विचारन का मास्तर, झिंगरूनं तुमाले सांगितलं असन ना, शिवेवर वाजवलं होतं ते. तवा ह्या कागदाकडं पाहू नका. हो म्हना.