पुसून टाकलेल्या अळ्या

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, शाळा समितीचे बसप्पा हत्तुरे साहेब, मंचावरचे पाहुणे, सगळे गुरुजी आणि बाई, पालक मंडळी, सतरंजीवर बसलेली आपली मुलं, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आदरणीय महानंदाबाई कोरे. कुणाचं नाव राहिलं का? राहिलं असेल तर तेही यातच आले असं समजा. सकाळपासून मी ही एवढीच यादी पाठ करतोय.

मी इमामसाब शेख. सात वर्षं शाळेच्या गेटवर वॉचमन आहे. शिक्षण सातवीपर्यंत, तेही पूर्ण नाही. त्याआधी तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात तपासणीला होतो. मागावरून उतरलेली चादर उजेडात धरायची आणि तेलाचा डाग दिसला की काढायचा, हे माझं काम. अजूनही कुठं डाग दिसला की हात स्वस्थ बसत नाही. बाईंच्या गुणांबद्दल आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. मी त्यात काय भर घालणार? मला माझी एक चूक सांगायची आहे. ती बाईंना ठाऊक आहे, मुलांना नाही.

हॉलच्या मागची बाग तुम्ही सगळ्यांनी बघितली आहे. वांग्याला जांभळी फुलं आली आहेत, दोडका जाळीवर चढलाय, कडेनं झेंडू आहे, आणि कढीपत्त्याची बारा झाडं. मुलं तिथं हात मागे बांधून फिरतात, कारण काही तोडायचं नाही हा बाईंचा नियम. खिचडी शिजवणाऱ्या दानम्मांना तेवढी सूट आहे. कढीपत्ता लावला तो फुलपाखरांसाठी, हे मात्र मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, खिचडीच्या फोडणीसाठीच!

बाईंनी वर्गात शब्द दिला होता, "मी जायच्या आधी कोषातून फुलपाखरू बाहेर पडताना तुम्हाला दाखवीन." एकतीस वर्षं त्यांनी तो धडा शिकवला, पण स्वतः ते कधी बघितलं नव्हतं. आणि नेमक्या शिवरात्रीनंतर त्या आठ दिवस अक्कलकोटला गेल्या, आईचं आजारपण होतं. जाताना म्हणाल्या, "मामा, बाग सांभाळा." झालं! माझ्या जिवाला घोर लागला. पाणी जास्त झालं तर? कमी पडलं तर? गेट उघडं राहून शेळी शिरली तर? मी दिवसातून चार वेळा फेरी मारायचो. त्यात दिसलं, कढीपत्त्याच्या पानापानावर पाखरांची शीट. काळीपांढरी, बारीक बारीक. बाई येऊन बघतील तर काय म्हणतील? मी मऊ फडकं ओलं केलं आणि रोज एकेक पान पुसलं. दानम्मा म्हणाल्या, "काय करायलाव मामा? पानं लई चकाचक केलाव की! आता इस्त्री बी करा." मला बरंच वाटलं.

बाई आल्या. पानं उलटीपालटी करून बघितली. "मामा, अळ्या कुठं गेल्या?"

"कुठल्या अळ्या?"

त्यांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं. लिंबाच्या फुलपाखराची अळी कढीपत्त्यावरही वाढते; मोठेपणी हिरवी, पण लहानपणी पाखराच्या शिटेसारखीच दिसते, पाखरांनी खाऊ नये म्हणून. पाखरं फसतात. मीही फसलो. मी म्हणालो, "पाखरांनी खाल्ल्या असतील." मंडळी, या वयात मी खोटं बोललो. बाई एवढंच म्हणाल्या, "बरं." पुढं पाच दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मुलं विचारायची, "मामा, फुलपाखरू कधी?" मी गेटवरचा पंप बघायला जातो म्हणून उठायचो. गेटवर पंप नाही!

सहाव्या दिवशी दानम्मांनी हाक मारली. "ओ मामा, तुमी फडकं वाळत घालताव त्या लिंबोणीला काय झालंय बघा की. सगळी पानं कुणी कुरतडली?"

गेलो. काट्यांमधून बोटाएवढ्या हिरव्यागार अळ्या! मोजल्या, नऊ. मग लक्षात आलं. चादरीवरचा डाग रगडायचा नसतो, रगडला तर पसरतो. तो टिपून उचलायचा असतो. तीस वर्षं हेच केलेला हात, त्यानं अळ्याही टिपूनच उचलल्या होत्या. फडकं रोज लिंबोणीवर पडायचं, आणि त्यातून ज्या जगल्या त्या पानांवर उतरायच्या. मी तिथंच देवाचे आभार मानले, आणि तसाच बाईंकडे जाऊन सगळं कबूल केलं. वाटलं, रागावतील. बाई म्हणाल्या, "मामा, पाच दिवस पोटात ठेवलंत? आधी पाणी प्या."

पुढं अळ्यांचे कोष झाले, आणि कोष काळा पडला की फुलपाखरू निघतं असं बाईंनी सांगितलं. परवा सकाळी प्रार्थनेच्या वेळी पहिला कोष फुटला. बाईंनी चालू प्रार्थना थांबवली, असं आजवर झालेलं नाही. सगळी मुलं धावली. ओले, चुरगळलेले पंख हळूहळू सरळ झाले, आणि ते उडालं तेव्हा मुलं एवढी ओरडली की पार सात रस्त्याच्या चौकात ऐकू गेलं असेल. माझ्या छातीवरचं ओझं तेव्हा उतरलं. मी बाईंना विचारलं, "दिसलं का?" बाईंनी लहान मुलांना पुढं ढकललं होतं आणि स्वतः मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "मुलांनी बघितलं की."

म्हणजे नाहीच दिसलं.

असो. मला तीन मिनिटं दिली होती, मी जास्त घेतली. अध्यक्षांचे, दानम्मांचे आणि तुम्हा सगळ्यांचे आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. फक्त एक विनंती आहे. सगळ्यांनी चहाला पुढच्या दारानं जावं. मागच्या दाराच्या चौकटीला एक कोष आहे आणि तो सकाळपासून काळा पडलाय. बाई, तिथं मी तुमच्यासाठी एकच खुर्ची ठेवली आहे. आईकडं जायची अक्कलकोटची गाडी सुटली तर सुटू द्या, दुसरी मिळेल.