स्विच कुठे देऊ?

पंक्चर निघेपर्यंत मी गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. शेजारच्या जुन्या जीपचं बॉनेट उघडं होतं. मिस्त्री, एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची मुलगी बोलत होते.

"कॉम्प्रेसर उंचावर लावा हं, मिस्त्री. ओढ्याचं पाणी शिरायला नको."

"वरच लावलाय, काका. हवेची टाकी मागच्या सीटखाली. वाळूत शिरताना टायरची हवा कमी करायची, बाहेर आलात की नळी लावायची आणि बटण दाबायचं. पायपंपाची कटकट संपली."

"त्या पंपाने पोटऱ्यांत गोळे यायचे माझ्या. म्हटलं, रिटायर झालो की हे बसवायचं आणि थेट वाळवंट गाठायचं."

"मग गाठा की! स्विच कुठे देऊ? स्टिअरिंगजवळ?"

"हिला विचारा. गाडी आता हीच चालवणार."

"बाबा, असं काय बोलता?"

"खोटं आहे का? समोर उभी आहेस तर नुसती सावली दिसतेस. डॉक्टर म्हणाले ना, आता चष्म्याचाही उपयोग नाही. दात होते तेव्हा चणे नव्हते, बाळा."

"तुम्ही माझ्या शेजारी बसा ना. मिस्त्री, स्विच बाबांच्या बाजूला द्या. टायर तेच भरतील."

"नको गं."

"का पण? मी नेते ना तुम्हाला."

"नेशील गं. पण मला वाळवंट बघायचं होतं."



"काका, मग स्विच?"

"तिच्याच हाताशी द्या. आणि एकदा चालू करा. आवाज तरी ऐकतो."