अण्णाच्या बंगल्याबाहेरचा लुंगीवाला

आमचा अण्णा आर्किटेक्चर शिकायचा, तेव्हाची गंमत सांगतो. परीक्षेला त्यानं चार खोल्यांचा झकास बंगला काढलेला. उंची कळायला शेजारी एक माणूस काढायचा असतो म्हणे. अण्णा आंघोळीला गेला, तेवढ्यात मीच काढला. लुंगीवाला, भिंतीकडं तोंड करून लघवीला उभा. पक्क्या शाईनं!

अण्णानं न बघताच नकाशा गुंडाळून नेला. सरांनी विचारलं, "हा कोण?" अण्णानं तो तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. सरांनी सगळा नकाशा तपासला. "घरात संडासच नाही की रे! बिचारा जाणार कुठं? नापास! एवढ्या नकाशात शहाणा हा एकटाच."

हे अण्णानं मला नकाशा आखायच्या लांब पट्टीनं, टी-स्क्वेअरनं बडवत सांगितलं. मी ओरडलो, "अण्णा, जरा हळू! शहाण्याला मारतात होय?"