आधी बेसमेंट, मग किचन

मी मूळची नागपूरची, वडील बांधकाम खात्यात, घरात सदा विटा-सिमेंटच्याच गोष्टी, म्हणून घरातलं आपल्याला सगळं कळते असा माझा तोरा. लग्न होऊन इकडे नेपरव्हिलला आली, व्हिसामुळे कितीतरी वर्षं घरीच बसली, अन् ग्रीन कार्ड आल्याबरोबर सुहासला, म्हणजे नवऱ्याला म्हटलं, जुनं घर घेऊ, रिपेअर करू, विकू.

काय सांगू तुम्हाला, पहिलं एस्टिमेट मी काय थाटात केलं! टाइल्स, नळ, कपाटं दहा दुकानं फिरून स्वस्तात ठरवली, अन् खाली मजुरी एवढीशी, आपल्याकडे धरतो तशी. वरून जुना टब, सिंक, पाइप भंगारात जातील म्हणून ते जमेला धरले. घर घेतल्यावर कागद कॉन्ट्रॅक्टरला दाखवला, स्टॅन म्हणून पोलिश म्हातारा, तो हसला, हसला, अन् म्हणे बाई, इथे भंगार न्यायचे पैसे आपणच द्यायचे, अन् सामानापेक्षा मजुरी जास्त. दोघांची सगळी बचत गेली त्या घरात. सुहास ओरडला असता तर बरं, तो हळूच म्हणाला, वृषाली, आता हे पुरे. फार लागलं मला ते.

मग मी स्टॅनला म्हटलं, पगार नको, शिकवा. अख्खा हिवाळा बर्फातून त्याच्यामागे हिंडली. तो म्हणे किचन शेवटी बघायचं, ते सगळ्यांनाच भुलवते, आधी बेसमेंट, भिंतीला हात लावून ओल बघ, मग पाइप, वायरिंग, छत. त्याच्या हाती आलेल्या प्रत्येक घराचं मी एस्टिमेट करायची अन् काम झालं की खऱ्या खर्चाशी लावून बघायची, आधी हा एवढा फरक, मग कमी, मग अजून कमी.

पहिलं घर विकून जे काही हाती आलं, त्यातून दुसरं घ्यायला सुहास कसाबसा हो म्हणाला. भिंत उघडल्यावर काही निघेल म्हणून वेगळे पैसे धरले होते, अन् निघाल्याच जळक्या वायरी, तरी काम माझ्या आकड्याच्या आत बसलं. बापा, रिकाम्या हॉलमधे एकटीच नाचली मी!

आता पाच घरं झाली. परवा पुण्याचं एक नवीन जोडपं आलं, घर घ्यायचं म्हणत होतं. मी आत पोळ्या करत होती. बाहेर सुहास त्यांना म्हणे, आधी काकूला घर दाखवा, ती हो म्हटल्याशिवाय कुठेच सही करू नका. पोळी करपली, पण मी तशीच उभी राहून ऐकत होती. देव करो, प्रत्येक बाईला आपल्या माणसाकडून एकदा तरी असं ऐकायला मिळो.